नाथांची कावड

आमच्या गावाहून पैठण पायी चार तासांच्या वाटेवर आहे. माझी आजी वर्षानुवर्षे नाथषष्ठीला दिंडीबरोबर चालत जात असे. तिला अक्षरओळख नव्हती. पण संत एकनाथमहाराजांचे चरित्र तिला प्रसंगाप्रसंगाने तोंडपाठ होते. पुढे मी शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला आलो, महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून नाथांवरची पुस्तके काढली, तेव्हा आजीने सांगितलेले बहुतेक प्रसंग मला त्यांत भेटले. फरक एवढाच की पुस्तकांत नाथ आधी ग्रंथकार म्हणून येतात आणि गाढवाला पाणी पाजल्याची गोष्ट कोठेतरी मध्ये, दोन परिच्छेदांत उरकते. आजीच्या लेखी मात्र नाथ म्हणजे आधी गाढवाला पाणी पाजणारे. ग्रंथ त्यांनी लिहिले ते नंतर. गेल्या वर्षी माझ्या हातून एक गोष्ट घडली. तेव्हापासून आजीचाच क्रम मला बरोबर वाटू लागला आहे. ती गोष्ट मी लेखाच्या शेवटी सांगणार आहे. तोपर्यंत वाचकांनी नाथांच्या चरित्राबरोबर चार पावले चालावे, एवढीच विनंती.

नाथांचा जन्म पैठण येथे इ. स. १५३३ च्या सुमारास झाला. घराणे पूर्वापार विठ्ठलभक्तांचे. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती भानुदासांनी पंढरपूरला परत आणली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. नाथांच्या वडिलांचे नाव सूर्यनारायण आणि आईचे रुक्मिणी. नाथ अगदी लहान असतानाच दोघेही निवर्तले. आजोबा चक्रपाणी आणि आजी ह्या वृद्ध जोडप्याने त्यांना वाढविले. मोठ्या माणसांच्या चरित्रात बालपणाच्या चार ओळी आपण घाईने वाचून पुढे जातो. पण पोरके मूल कोणीतरी उचलून घेतले तरच जगते, ही गोष्ट नाथांना कोणत्याही ग्रंथात वाचावी लागली नाही. ती त्यांच्याच आयुष्याची सुरुवात होती.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून देवगिरीला गेला. त्या काळी हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि देवगिरीचे किल्लेदार होते जनार्दनस्वामी. दिवसा किल्ल्याचा कारभार आणि उरलेल्या वेळी दत्तभक्ती, असा हा विलक्षण पुरुष. आपल्यापैकी प्रत्येक जण शाळेच्या सहलीत देवगिरीवर जाऊन आलेला असतो. अंधारीतून जाताना मित्राचा हात घट्ट धरलेलाही अनेकांना आठवत असेल. पण ह्याच गडावर जनार्दनस्वामींची समाधी आहे आणि मराठी भाषेला वळण लावणारा एक महाकवी येथे विद्यार्थी म्हणून राहिला, हे किती जणांच्या ध्यानात असते? आजच्या शब्दांत सांगायचे तर नाथांचे वसतिगृह आपल्या शहरापासून पंधरा किलोमीटरांवर होते.

ह्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. स्वामींनी नाथांकडे हिशेबाचे काम सोपविले होते. एके दिवशी जमाखर्चात एका पैचा फरक आला. नाथांनी दिवा लावला आणि रात्रभर वह्या चाळल्या. पहाटेच्या सुमारास चूक सापडली, तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी टाळीच वाजविली. स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्यावर जर इतका आनंद होतो, तर जन्माच्या हिशेबातली चूक सापडल्यावर किती होईल, असे त्यांनी शिष्याला समजाविले. कीर्तनकार हा प्रसंग गुरुभक्तीचा म्हणून सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नाथ व्यवहार न जाणणारे भोळे साधू नव्हते. पै म्हणजे काय, तिची किंमत काय, हे त्यांना नेमके ठाऊक होते. पुढे त्यांनी ज्या गोष्टींची किंमत केली नाही, ती अज्ञानाने केली नाही असे नव्हे.

खुलताबादजवळचा शूलिभंजनचा डोंगर ही नाथांची तपोभूमी. ह्या परिसरात दत्तात्रेयांनी गुरुशिष्यांना दर्शन दिल्याची कथा आहे. त्या कथेत दत्त येतात ते मलंग फकिराच्या वेषात, आणि त्यांच्याबरोबर असते एक कुत्री. तिच्याच दुधात भाकरी कुस्करून मलंगाने जनार्दनस्वामींना जेवायला घातले. ती कुत्री म्हणजे प्रत्यक्ष कामधेनू होती, असे कथा पुढे सांगते. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या बुद्धीप्रमाणे घ्यावा. पण चार शतकांपूर्वीच्या समाजाने कामधेनूला कुत्रीच्या रूपात पाहण्याची तयारी ठेवली होती, ही गोष्ट विचार करण्याजोगी नाही काय?

पुढे नाथांनी गुरूंबरोबर आणि नंतर एकट्याने तीर्थयात्रा केली. ते पैठणला परतले तेव्हा म्हातारे आजोबा गुरूंचे पत्र घेऊन त्यांची वाट पाहत होते. आता येथेच राहावे, लग्न करावे, असा त्या पत्रातील आदेश होता. नाथांनी तो मानला. गिरिजाबाई ह्या त्यांच्या पत्नी. नाथांच्या मोठेपणात त्यांचा वाटा किती होता, ह्यावर स्वतंत्र लेख व्हावा. रात्री-अपरात्री दारात येणाऱ्या अतिथीसाठी चूल पेटविणाऱ्या त्याच होत्या. पैठणच्या नाथवाड्यात आजही पाण्याचा रांजण दाखवितात. प्रत्यक्ष भगवंताने श्रीखंड्या नावाचा गडी बनून बारा वर्षे ह्या रांजणात पाणी भरले, असे भाविक मानतात, आणि नाथषष्ठीच्या उत्सवात तो भरण्याची प्रथा अजून पाळली जाते. आजी म्हणत असे की ज्या घरी तहानलेल्याला पाणी मिळते त्या घरी पाणी भरायला देवाला कमीपणा वाटत नाही.

ह्या वाड्यातून नाथ रोज दुपारी गोदावरीवर स्नानाला जात. उन्हाळ्यातील नदीचे वाळवंट किती तापते हे मराठवाड्यातील माणसाला सांगायला नको. एका दुपारी एक लहान मूल त्या वाळवंटात चुकून राहिले होते. पाय भाजत होते, नाक-डोळे वाहत होते आणि ते जिवाच्या आकांताने रडत होते. मूल अस्पृश्य मानलेल्या वस्तीतले होते. नदीवर येणारे-जाणारे पुष्कळ होते. सर्वांनी ते पाहिले असेल, ऐकलेही असेल. नाथांनी ते उचलून कडेवर घेतले, त्याचे नाक पुसले आणि त्याच्या वस्तीत जाऊन आईच्या हाती दिले. सोळाव्या शतकात, पैठणसारख्या धर्मपीठाच्या गावी, स्नान करून आलेल्या ब्राह्मणाने हे करावे ह्याचा अर्थ केवढा होता! त्याची किंमत नाथांना अनेकदा मोजावी लागली. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी दाराबाहेरच्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, तेव्हा गावातील विद्वानांनी त्यांच्यावर बहिष्कार घातल्याचे चरित्रकार सांगतात. नाथांनी वाद घातला नाही. सांगितले ते प्रायश्चित्तही घेतले. पण वाढणे थांबविले नाही.

असाच आणखी एक मुलगा त्यांच्या घरी आला. त्याचे नाव गावबा. त्याला रोज पुरणपोळी हवी असे, आणि गरीब आई ती कोठून आणणार? ती त्याला नाथांकडे घेऊन आली. मुलगा मंदबुद्धी आहे, शिकणार नाही, असेच सर्वांचे मत होते. नाथांनी त्याला ठेवून घेतले. गिरिजाबाईंनी त्याला पोटच्या पोराप्रमाणे पुरणपोळी खाऊ घातली. नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले आणि त्यांचा काळ जवळ आला. उरलेला ग्रंथ पूर्ण केला तो ह्या गावबाने. कुळ, बुद्धी, रूप पाहून शिष्य निवडायचा असता तर नाथांपुढे काय कमी माणसे होती? पण दारात आला तो आपला, एवढीच त्यांची परीक्षा होती.

आता कावडीकडे वळतो. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वरला न्यायची आणि शिवलिंगावर वाहायची, हे त्या काळचे मोठे पुण्यकर्म होते. काशी ते रामेश्वर हे अंतर आजच्या रस्त्यानेही दोन हजार किलोमीटरांच्या वर भरते. त्या काळी रस्ते नव्हते, वाटेत जंगले, चोर, रोगराई. महिनोन् महिने खांद्यावर कावड तोलत, पाणी सांडू नये म्हणून जपत यात्रेकरू चालत. नाथही अशा यात्रेकरूंबरोबर निघाले होते. वाटेत एका तापलेल्या वाळवंटात गाढव पडलेले दिसले. ते तहानेने तडफडत होते. त्याला उठवत नव्हते. लोक थांबले, हळहळले आणि बाजूने पुढे गेले. नाथांनी कावड खाली ठेवली, झाकण काढले आणि गंगेचे पाणी गाढवाच्या तोंडात ओतले. गाढव उठून चालू लागले. बरोबरचे लोक चकित झाले. इतक्या श्रमांची यात्रा फुकट गेली, असे त्यांना वाटले. नाथांना तसे वाटले नाही. आपल्याला रामेश्वर येथेच भेटला आणि अभिषेक येथेच झाला, असे त्यांनी समाधानाने सांगितले.

लहानपणी मला वाटे की बाकीचे यात्रेकरू दुष्ट होते. आता तसे वाटत नाही. त्यांच्याकडे पाणी होते, मनात कळवळाही होता. पण ते पाणी राखून ठेवलेले होते. ते कोणासाठी, हे आधीच ठरलेले होते. त्यामुळे पुढ्यात तहानलेला जीव असूनही त्यांच्या कावडीचे झाकण उघडले नाही. नाथांचे मोठेपण असे की त्यांनी राखीव पाणी वाटेवरच्या जिवाला दिले.

नाथांचे वाङ्मयकार्य तर अफाट आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका, म्हणजेच एकनाथी भागवत, इ. स. १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. तिच्यात अठरा हजारांहून अधिक ओव्या आहेत. संस्कृतातील ज्ञान मराठीत आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला आणि शेवटी त्याच ग्रंथाचा गौरव केला, असे परंपरा सांगते. पाठभेदांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी त्यांनी इ. स. १५८४ मध्ये शुद्ध केली. भारुडांत त्यांनी जोगवा मागणाऱ्यापासून विंचू उतरविणाऱ्यापर्यंत सर्वांना बोलते केले. इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला. पैठणच्या धरणामुळे झालेल्या विशाल जलाशयाला आज नाथसागर म्हणतात. तहानलेल्यांना पाणी देणाऱ्या पुरुषाचे ह्याहून योग्य स्मारक दुसरे कोणते असणार?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्याला परिचित असलेले अनेक प्रसंग महिपतींनी भक्तविजयासारख्या ग्रंथांत सांगितले. भक्तविजय इ. स. १७६२ चा, म्हणजे नाथांच्या निर्वाणानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी झालेला. तेव्हा गाढवाचा प्रसंग जसाच्या तसा घडला काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. परंतु नाथांच्या इतक्या मोठ्या आयुष्यातून लोकांनी काय जपून ठेवले हे पाहावे. नामदेवांची आठवण निघाली की भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव डोळ्यांसमोर येतात. ज्ञानदेवांची निघाली की पैठणचा रेडा. आणि नाथांची निघाली की गाढव. मराठी माणसाने आपल्या संतांची पारख मुक्या जनावरांच्या साक्षीने केली आहे. त्या पारखीला आपण स्वतः उतरतो का, हा खरा प्रश्न आहे.

०००

आता माझी गोष्ट.

आमच्या घरात महाविद्यालयापर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. आई-वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातात. गेल्या वर्षी शुल्क आणि खोलीचे भाडे जमेना, म्हणून मी शहरातील एका दुकानात संध्याकाळचे काम धरले. ते कुत्र्यामांजरांची पिल्ले विकणारे दुकान होते. पिंजरे झाडणे, जुनी वर्तमानपत्रे बदलणे, खाणे-पाणी ठेवणे, हे माझे काम. आमच्या गावात कुत्रे-मांजर विकत घेतल्याचे मी कधी ऐकले नव्हते. कोणाच्या घरी मांजर व्याली की शेजारी एखादे पिल्लू मागून घेत आणि पिशवीत घालून घरी नेत. कुत्रे तर शेताबरोबर आपोआपच आलेले असे. येथे मात्र काचेमागे एकेका पिल्लाला मोटारसायकलच्या हप्त्याइतकी किंमत होती. पहिल्या दिवशी मला त्याचे हसू आले.

पिल्ले रात्रीच्या खाजगी बसने येत, भोके पाडलेल्या खोक्यांतून. ती कोठून येत आणि त्यांच्या आया कोठे असत, हे मला कधी कळले नाही. दुकानात येणाऱ्या एकाही गिऱ्हाईकाने आईविषयी विचारले नाही. सर्वांची वये दोन महिने सांगितली जात. पण काही पिल्लांना अजून कोरडे अन्न चावताही येत नसे. ती रात्रभर एकमेकांच्या अंगाखाली तोंड खुपसून काहीतरी शोधत असत. जितके पिल्लू लहान तितके ते गोजिरवाणे दिसते आणि लवकर खपते, हे धंद्याचे गणित मला आठवड्याभरात समजले. चार महिन्यांचे झाले की त्याची किंमत उतरे आणि मग ते मागच्या पिंजऱ्यात जाई.

एके दिवशी एका पांढऱ्या पिल्लाने सकाळपासून दोनदा ओकारी काढली असे मला समजले. संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते कोपऱ्यात मान टाकून बसले होते. त्याला कसलेसे औषध दिले गेले, पुसून स्वच्छ केले गेले आणि पुढच्या काचेत ठेवले गेले. थोड्याच वेळात एक गृहस्थ आपल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मुलीला तेच पिल्लू आवडले. ते माझ्याच हातात होते. गृहस्थांनी मला विचारले की पिल्लू नीट खाते-पिते ना. मालक समोर उभे होते. मी मान हलविली.

पाचव्या दिवशी दोघे परत आले. पिल्लू दवाखान्यात मेले होते. दुसरे पिल्लू अर्ध्या किमतीत देण्याची तयारी दुकानाने दाखविली. मुलगी काही बोलत नव्हती. मग तिने माझ्याकडे पाहून विचारले की ते इथे होते तेव्हाच आजारी होते का. मी पाण्याची बादली उचलली आणि आत निघून गेलो.

त्या रात्री मला देवगिरीवर दिवा लावून बसलेले नाथ आठवले. माझ्या हिशेबातली चूक शोधायला मला रात्रभर जागावे लागणार नव्हते. ती कोठे आहे हे मला ठाऊक होते. महिना भरल्यावर मी काम सोडले. पगार मात्र घेतला, कारण शुल्क भरायचे होते. ते शुल्क भरले म्हणूनच आज मी द्वितीय वर्षात आहे आणि हा लेख लिहितो आहे.

नंतर मी जनावरांच्या दवाखान्यातील एका डॉक्टरांना भेटलो. त्यांनी मला पार्व्हो नावाच्या रोगाची माहिती दिली. तो विष्ठेतून पसरतो आणि त्याचे विषाणू एखाद्या जागेत महिनोन् महिने टिकतात. ओकाऱ्या आणि रक्ताचे जुलाब होऊन कोवळे पिल्लू काही दिवसांत दगावते. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरू लागते त्या वयात, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांपासून, लसीची पहिली मात्रा द्यायची असते आणि पुढे ती ठराविक अंतराने पुन्हा द्यावी लागते. लवकर दूध तोडलेली, प्रवासाने थकलेली, निरनिराळ्या ठिकाणची पिल्ले एकत्र कोंडली की रोगाला रान मोकळे मिळते.

कायदा नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. त्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीविषयी आणि २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयी नियम झाले. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. दुकानाची आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. कुत्रीला वर्षातून एकाहून अधिक वेत आणि जन्मात पाचाहून अधिक वेते होऊ देता येत नाहीत. हा शेवटचा नियम वाचला तेव्हा मला प्रथम त्या न पाहिलेल्या आईची आठवण झाली. नियम करावा लागला ह्याचाच अर्थ असा की कोठेतरी पिंजऱ्यात ती माजावर आली की पुन्हा गाभण राहत होती. काचेपुढे उभे राहून आपण पिल्लू पाहतो; पैसे मात्र त्या पिंजऱ्यासाठी मोजतो.

कोणी म्हणेल, पिंजऱ्यात कोंडलेल्या पिल्लाची दया येऊनच आम्ही ते विकत घेतो. मीही हे पुष्कळदा ऐकले. पण संध्याकाळी रिकामा झालेला पिंजरा मी माझ्या हाताने झाडला आहे आणि सकाळी तो भरलेला पाहिला आहे. एक सोडविले की त्याच्या जागी दुसरे येते. ज्या दिवशी पिंजरा रिकामाच राहील आणि दुकानदाराला तो परवडणार नाही, त्याच दिवशी त्या आईची सुटका होईल. दुकानदाराचे पोट कसे चालायचे, हा प्रश्नही योग्य आहे; मी स्वतः त्या पोटावर जगलो आहे. पण खाद्य, पट्टे, भांडी, औषधी साबण ह्यांचीही विक्री त्याच दुकानात होत होती, आणि त्यांना ओकारी होत नाही.

दुसरीकडे आपली वाट पाहा. महाविद्यालयाच्या सायकलतळापासून बसस्थानकापर्यंत किती पिल्ले आपल्या पायांत येतात! ती अशक्त नसतात. आपल्या उन्हाला आणि आपल्या अन्नाला ती पिढ्यान् पिढ्या सरावलेली आहेत. थंड मुलखातील केसाळ कुत्र्याला मे महिन्याच्या चाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत ठेवणे हे प्रेम नव्हे. तरीही आपले लक्ष रस्त्यावरच्या पिल्लाकडे जात नाही. कारण आपले प्रेमही त्या यात्रेकरूंच्या पाण्यासारखे राखून ठेवलेले आहे. ते अमुक जातीसाठी, अमुक रंगासाठी आधीच ठरलेले असते.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, प्रत्येकाने कुत्रे पाळलेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. खोलीवर राहणाऱ्याने, चार महिन्यांनी गावी जाणाऱ्याने ते पाळूच नये. पाळायचेच असेल तर वाटेवरचे घ्यावे. आईचे दूध पीत असलेले तान्हे पिल्लू उचलू नये, थोडे थांबावे. त्याला लस टोचून घ्यावी आणि वयात येताच त्याची नसबंदी करून घ्यावी, म्हणजे रस्त्यावर आणखी पोरकी पिल्ले जन्मणार नाहीत. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे आणि लसीकरणाचे नियम २००१ पासून आहेत आणि २०२३ मध्ये ते नव्याने झाले आहेत. ते काम आपल्या वस्तीत व्हावे म्हणून महापालिकेकडे अर्ज करणे हेही आपल्या हाती आहे. आणि ह्यांपैकी काहीच जमत नसेल तर उन्हाळ्यात दारात मातीचे एक पसरट भांडे पाण्याने भरून ठेवावे. वाढदिवसाला भावंडांसाठी पिल्लू विकत आणण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्याने आधी एवढेच विचारावे की ह्याची आई कोठे आहे, आणि ती मला पाहता येईल काय. उत्तर मिळाले नाही तर परत फिरावे.

ह्या वर्षी आजीला पैठणला चालत जाणे झाले नाही. गुडघे धरले आहेत. मीच तिला एस. टी. ने घेऊन गेलो. गावातील नाथांचे दर्शन झाले, रांजण पाहिला, मग नदीकाठी बाहेरच्या नाथांच्या समाधीपाशी आम्ही बसलो. तेथे मी तिला दुकानाची हकीकत सांगितली. ती रागावेल, निदान नाथांचे नाव घेऊन काही उपदेश करील, असे मला वाटले होते. तिने तसे काही केले नाही. बराच वेळ ती पाण्याकडे पाहत राहिली. मग एवढेच विचारले की त्या पिल्लाला शेवटी पाणी कोणी पाजले.

मला सांगता आले नाही.